तनाखची हिब्रू आणि आजीची मराठी

इस्राएलमध्ये आपल्या मुलानातवंडांची तनाखशी गाठ शाळेत दुसऱ्या इयत्तेपासून पडते, आणि शेवटच्या वर्षाच्या बगरुत परीक्षेपर्यंत हा विषय काही त्यांना सोडत नाही. पुस्तक हिब्रू, शिकवणे हिब्रू, गृहपाठ हिब्रू. अशा वेळी घरातली आजी किंवा आजोबा आपणहून बाजूला होतात. "आमची हिब्रू ती काय, भाजीबाजारापुरती. तुझ्या आईला विचार." अश्दोदला, लोदला, दिमोनाला, बेरशेव्याला, आपल्या कितीतरी घरांतून हे वाक्य ऐकू येते.

या लेखात थोडे उलट म्हणायचे आहे. ज्या आजीला हिब्रू कमी येते पण मराठी पक्की येते, तिला तनाखचा अर्थ उलगडून सांगण्याची एक चांगली किल्ली सापडलेली आहे. ती तिने वापरायला हवी. कारण तनाखमधली हिब्रू ही आजच्या बसमधली आणि टी.व्ही.वरची हिब्रू नव्हे. अडीचतीन हजार वर्षांपूर्वी मेंढपाळ, शेतकरी, कारागीर अशा माणसांच्या तोंडी रुळलेल्या भाषेतून ती घडली. त्या भाषेत माणूस विचार कसा करी, काळ कसा मोजी, दया कुठे जाणवे असे म्हणे, हे समजून घेतल्याशिवाय वाचले तर शब्द कळतात, पण अर्थ निसटतो. आणि गंमत अशी की त्यातल्या पुष्कळ गोष्टी आपल्या घरगुती मराठीत जशाच्या तशा आहेत.

"पोरगं ऐकतच नाही!"

सुरुवात अर्थातच 'शेमा'पासून. कोकणात आपल्या पूर्वजांपाशी ग्रंथ उरले नव्हते, हिब्रू उरली नव्हती. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शेमाचे शब्द एवढे मात्र टिकले, असे आपली परंपरा सांगते. जन्माला, लग्नाला, मरणाला, प्रत्येक प्रसंगी तेच म्हणायचे. त्या प्रार्थनेचा पहिलाच शब्द म्हणजे 'ऐक'.

आता 'ऐकणे' म्हणजे काय? कानावर आवाज पडणे एवढेच असेल तर त्यासाठी आज्ञा कशाला द्यायला हवी? पण तनाखमध्ये 'शामा' या क्रियापदाचा अर्थ कानाशी थांबत नाही. ऐकणे, मनावर घेणे आणि त्याप्रमाणे वागणे, हे सगळे त्या एका शब्दात येते. 'आज्ञा पाळणे' यासाठी तनाखचा नेहमीचा शब्द हाच आहे. शमुवेल संदेष्टा शौल राजाला खडसावतो की देवाला यज्ञापेक्षा 'ऐकणे' अधिक आवडते, तेव्हा शौलाला बहिरेपण आले होते असे नाही. त्याने शब्द ऐकले होते, केले मात्र भलतेच.

इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द लागतात. आजच्या हिब्रूतही आज्ञा पाळण्याला 'लेत्सायेत' असा निराळा शब्द रूढ झाला आहे, त्यामुळे शाळेतल्या मुलाला 'शामा' म्हणजे फक्त 'ऐकले' एवढेच वाटते. पण मराठी आईला हे समजावून सांगावे लागत नाही. "माझं पोरगं ऐकतच नाही हो!" असे ती म्हणते तेव्हा पोराचे कान तपासा असे कोणी सुचवत नाही. "थोरल्यांचं ऐकावं", "नवरा ऐकणारातला नाही", "डॉक्टरांचं ऐकलं नाहीस ना, मग भोग आता". आपल्या मराठीत ऐकणे म्हणजे ऐकून तसे करणे. शेमा म्हणताना हा मराठी अर्थ मनात धरला, की तो नुसता एकेश्वराचा सिद्धान्त राहत नाही. वागणुकीची हाक होते. म्हणूनच त्याच्या पुढचे शब्द लगेच मुलांना शिकवण्याचे, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना-उठताना बोलण्याचे आहेत.

आत्मा की जीव?

शेमामध्येच पुढे देवावर सगळ्या 'लेवा'ने, सगळ्या 'नेफेश'ने आणि सगळ्या 'मेओद'ने प्रेम करायला सांगितले आहे. यातला 'नेफेश' हा फार फसवा शब्द आहे.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात तनाखचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. त्यात नेफेशसाठी 'प्सिखे' हा शब्द आला. ग्रीक तत्त्वज्ञांनी या शब्दाला शरीरात कोंडलेला आणि मरणानंतर मोकळा होणारा असा अर्थ चढवला होता. पुढे लॅटिन, इंग्रजी असे करत तो आपल्याकडे पोचला. प्रवचनांतून 'आत्मा' म्हटले, की आपल्या कानांना आणखीच निराळे ऐकू येते. अमर, अविनाशी, देह हे केवळ वस्त्र, असा सगळा वारसा त्या शब्दाबरोबर येतो. तनाखमध्ये नेफेशचा अर्थ असा नाही.

मुळात नेफेश म्हणजे घसा, गळा, श्वास. रानात मान्ना खाऊन कंटाळलेले लोक तक्रार करतात की आमचा नेफेश कोरडा पडला, म्हणजे घसा सुकला. एकोणसत्तराव्या स्तोत्रात बुडणारा माणूस म्हणतो की पाणी नेफेशपर्यंत आले, म्हणजे गळ्याशी आले. यशया संदेष्टा अधोलोकाने आपला नेफेश रुंद केला असे सांगतो, तिथे तर उघड्या घशाचेच चित्र आहे. गळ्यातून श्वास जातो-येतो, त्यावर जगणे अवलंबून, म्हणून नेफेश म्हणजे जीव. आणि जीव म्हणजे तो माणूसच. याकोबाच्या घरचे सत्तर नेफेश मिसरात गेले. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मासे आणि जनावरेही 'जिवंत नेफेश' आहेत. दुसऱ्या अध्यायात देवाने मातीच्या माणसाच्या नाकात श्वास फुंकला तेव्हा त्याला नेफेश 'मिळाला' असे म्हटलेले नाही, तो नेफेश 'झाला' असे म्हटले आहे. इतकेच काय, काही ठिकाणी मृतदेहालाही नेफेश म्हटले आहे!

आता मराठीतला 'जीव' पाहा. "घरात खाणारे सहा जीव." "जीव कासावीस झाला." "जीव मुठीत धरून पळालो." "लेकरावर फार जीव आहे तिचा." "मुंगी झाली तरी जीवच ना तो?" नेफेशच्या जवळजवळ सगळ्या छटा इथे आहेत. मराठी भाषांतरकारांनी अनेक ठिकाणी 'जीव' हाच शब्द घेतला, हे फार बरे केले. सगळ्या नेफेशने प्रेम करायचे म्हणजे 'जीव लावायचा'. त्यात अंग, भूक, श्वास, कष्ट सगळे आले. शरीर सोडून उरलेल्या कसल्याशा भागाने करायची ती भक्ती नव्हे. 'मेओद' म्हणजे एरवी 'फार', 'पुष्कळ'. मिश्नातल्या आचार्यांनी त्याचा अर्थ आपली मालमत्ता, पैसाअडका असा लावला. जीव आणि पैसा दोन्ही लावल्याशिवाय प्रेम पुरे होत नाही, हे कोणत्याही आईबापाला पटेल.

डोके, काळीज आणि आतडे

'लेव' म्हणजे हृदय, काळीज. पण तनाखमधला माणूस लेवाने विचार करतो, बेत आखतो, निर्णय घेतो. भावना त्यात आहेत, पण मुख्य काम बुद्धीचे. मेंदूकडे हे काम दिलेले तनाखमध्ये कुठेच दिसत नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकात 'लेव नसलेला' तरुण येतो. आपण 'हृदयशून्य' असे भाषांतर केले तर तो क्रूर ठरेल. मुळात तो बिचारा अक्कल नसलेला आहे. असा एक शब्द चुकला की सबंध गोष्ट बदलते. मराठीतला 'मन' हा शब्द इथे बराच उपयोगी पडतो, कारण मनात विचारही येतात आणि भावनाही. "माझ्या मनात आहे की पुढच्या वर्षी भारतात जावं" हे आपण बेताबद्दल बोलतो, भावनेबद्दल नव्हे.

मग भावना कुठे? त्या खाली, पोटात. 'केलायोत' म्हणजे मूत्रपिंडे, ती माणसाच्या आतल्या गुपितांची जागा. 'मेआयिम' म्हणजे आतडी. आणि दया म्हणजे 'राहामीम'. हा शब्द 'रेहेम' म्हणजे गर्भाशयाच्या कुळातला. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात, जो आपण रोश हशानाच्या दुसऱ्या दिवशी वाचतो, देव एफ्राइमविषयी बोलतो. रागावलो खरा, पण त्याची आठवण झाली की माझ्या आतड्यांत कालवाकालव होते, अशा अर्थाचे ते शब्द आहेत. इंग्रजी वाचणाऱ्यांना देवाची 'आतडी' फार अवघड वाटली, म्हणून नव्या इंग्रजी भाषांतरांतून तिथे बहुधा 'हृदय' येते. मराठी माणसाला यात अवघड काय? "पोटात तुटतं गं", "आतड्याचं माणूस", "पोटची माया", "ऐकून पोटात कालवलं". आपण दया पोटातच जाणतो. हिब्रूचा शब्दश: अर्थ हाच आपला रोजचा वाक्प्रचार.

हे सगळे एकत्र पाहायचे असेल तर राजांच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडा. शलमोन नुकता गादीवर बसला आहे. देव विचारतो, काय हवे? शलमोन 'लेव शोमेआ' मागतो. भाषांतरांतून याचे 'समंजस बुद्धी', 'विवेकी मन' असे काहीबाही होते. शब्दश: पाहिले तर ते आहे 'ऐकणारे मन'. म्हणजे शेमामधलाच शब्द. लगेच पुढे ती प्रसिद्ध गोष्ट येते. दोन बायका, एक जिवंत मूल. राजा तलवार मागवतो. तेव्हा खऱ्या आईची 'राहामीम' पेटून उठते, म्हणजे पोटातली माया भडकते, आणि ती म्हणते, तिलाच देऊन टाका पण मारू नका. राजाने काय ओळखले? पुरावा नव्हता, साक्षीदार नव्हता. त्याला त्या आईचे पोट बोललेले ऐकू आले. त्याने मागितलेले 'ऐकणारे मन' कशासाठी होते ते या गोष्टीने दाखवले. दोन वेगवेगळ्या कथा वाटतात, पण शब्द नीट पाहिले तर ती एकच कथा आहे.

गोष्ट, जाण, आठवण

हिब्रूत 'दावार' म्हणजे शब्द आणि 'दावार' म्हणजेच वस्तू, बाब, घटना. बोलणे आणि घडणे यांना एकच शब्द कसा, याचे परदेशी अभ्यासकांना मोठे नवल वाटत आले आहे. पण आपण "एक गोष्ट सांगतो" म्हणतो, "ही गोष्ट बरी नव्हे" म्हणतो, आणि "बाजारातून चार गोष्टी आणायच्यात" असेही म्हणतो. 'गोष्ट' हा शब्द दावारच्या अगदी शेजारी बसतो. सीनायवरच्या दहा आज्ञा आपण म्हणतो, पण तोरामध्ये त्यांना 'आज्ञा' म्हटलेले नाही, दहा 'देवारीम' म्हटले आहे. दहा गोष्टी. आणि इतिहासाच्या पुस्तकाचे हिब्रू नाव 'दिव्रे हायामीम', म्हणजे 'दिवसांच्या गोष्टी'. इतके घरगुती नाव आहे ते.

'यादा' म्हणजे जाणणे. माहिती असणे हा त्याचा फार छोटा भाग. आदामाने हव्वेला 'जाणले' आणि मूल झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. निर्गमाच्या आरंभी योसेफाला 'न जाणणारा' नवा राजा मिसरात आला असे सांगितले आहे. इतक्या मोठ्या कारभाऱ्याचे नाव राजाला माहीत नसेल का? माहीत असेलही. पण त्याला योसेफाची 'जाण' नव्हती. "केलेल्याची जाण नाही त्याला" हे आपण ज्या सुरात म्हणतो, तोच सूर तिथे आहे. सबंध गुलामगिरीची कथा या एका जाण नसण्यातून सुरू होते.

'झाखार' म्हणजे आठवणे. देवाने नोहाची आठवण केली आणि पाणी ओसरू लागले. देवाने हन्नाची आठवण केली आणि शमुवेल जन्मला. देव विसरला होता की काय, असे मुले विचारतात. त्यांना सांगावे की गावाकडची थोरली माणसे निरोप द्यायची, "आमची आठवण ठेव रे बाबा", त्याचा अर्थ नुसता फोटो पाहत बस असा नव्हता. मनीऑर्डर पाठव, पत्र टाक, भेटायला ये, असा होता. तनाखमधली आठवण अशी असते. ती झाली की काहीतरी करावे लागते. शब्बाथची आठवण ठेवायची ती मेणबत्त्या लावून, काम थांबवून.

वळण, इमान आणि खुशाली

'तोरा' या शब्दाला ग्रीकांनी 'नोमोस' म्हणजे कायदा असा प्रतिशब्द दिला. मराठी बायबलातला 'नियमशास्त्र' त्याच वाटेने आला. त्यामुळे तोरा म्हटले की पोलीस आणि दंड डोळ्यांपुढे येतो. पण तोरा ज्या धातूशी जोडलेला आहे त्याचा रोख दाखवणे, शिकवणे याकडे आहे. नीतिसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात आईच्या 'तोरा'चा त्याग करू नकोस असे मुलाला बजावले आहे. आईचा कायदा? नाही. आईने लावलेले वळण. "मुलांना चांगलं वळण लावलंय हो!" हे आपल्याकडचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र. नंतरच्या आचार्यांनी आचरणाच्या नियमांना 'हलाखा' म्हटले. तो शब्द चालणे या क्रियापदापासून झाला, जशी आपली 'चालरीत' झाली.

'एमुना'चे भाषांतर 'विश्वास' असे करतात, आणि मग ती डोक्यातली मान्यता होऊन बसते. अमालेकाशी लढाई चालली असता मोशेचे हात थकले. अहरोन आणि हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी धरले आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात 'एमुना' राहिले. तिथे एमुना म्हणजे न ढळणे, खंबीर राहणे. 'आमेन' याच धातूचा. आणि गंमत म्हणजे आपल्या मराठीत या कुळातला एक शब्द राजरोस नांदतो आहे, 'इमान'. अरबी ही हिब्रूची बहीण, आणि अरबीतून फारसीमार्गे हा शब्द आपल्याकडे आला. "इमानाने राहिला", "खाल्ल्या मिठाला इमान राखलं". एमुना हा असा वागणुकीचा शब्द आहे. असे आणखीही चुलतभाऊ आपल्याकडे आहेत. हिशेब आणि हेश्बोन, कबर आणि केवेर, मालक आणि मेलेख, सलाम आणि शालोम.

शालोमचे भाषांतर आपण 'शांती' करतो. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दाविद आघाडीवरून आलेल्या उरीयाला यवाबाचा शालोम विचारतो, लोकांचा शालोम विचारतो आणि चक्क लढाईचाही शालोम विचारतो. लढाईची शांती कशी विचारणार? पण लढाईची खुशाली विचारता येते. शालोम म्हणजे सगळे धड, पुरे, जागच्या जागी असणे. म्हणून पैसे चुकते करण्याला हिब्रूत 'लेशालेम' म्हणतात. पूर्वी आपली पत्रे "इकडील सर्व क्षेम" अशी सुरू होत. शालोमला यापेक्षा चांगला मराठी प्रतिशब्द सुचत नाही.

आणि एक शब्द तर रोजच्या व्यवहारातला, 'त्सेदाका'. आपण त्याला दानधर्म म्हणतो. पण तो 'त्सेदेक' म्हणजे न्याय, योग्य ते, या शब्दाच्या घरचा. देवारीमच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे की गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळायच्या आत त्याला परत कर, म्हणजे ती तुझी त्सेदाका होईल. पांघरूण त्याचेच. त्यात आपण दिले काय? तरीही तिला त्सेदाका म्हटले, कारण ज्याचे त्याला पोचवणे हीच ती. शेताचा कोपरा न कापता गरिबांसाठी सोडायचा, पडलेली कणसे उचलायची नाहीत, हेही तसेच. शावुओतला आपण रूथची कथा वाचतो. रूथ बवाजाच्या शेतात आली ती भीक मागायला नव्हे. सरवा वेचणे हा परक्याचा आणि विधवेचा हक्क होता. हे मनात ठेवून पेटीत नाणे टाकले तर देणाऱ्याची मान थोडी कमी ताठ होते आणि घेणाऱ्याची थोडी अधिक.

पूर्वेकडे तोंड करून

प्राचीन हिब्रू माणूस दिशा सांगताना पूर्वेकडे तोंड करून उभा राही. 'केदेम' म्हणजे पुढची बाजू, म्हणून पूर्व. उजवा हात 'यामीन', म्हणून दक्षिणेला 'तेमान'. येमेनला हिब्रूत हेच नाव आहे. पाठीमागे पश्चिम, म्हणून भूमध्य समुद्र हा 'मागचा समुद्र'. आपल्या भाषेतही हेच. संस्कृतात पूर्व म्हणजे पुढचे, दक्षिण म्हणजे उजवे, पश्चिम म्हणजे मागचे.

पण याहून मोठी गोष्ट काळाची आहे. 'केदेम' म्हणजे प्राचीन काळही. जे घडून गेले ते डोळ्यांसमोर असते, कारण ते दिसते. जे यायचे आहे ते 'आहारीत', पाठीमागे, न दिसणारे. मराठीत आपण 'मागच्या वर्षी' म्हणतो खरे, पण 'पूर्वी' हा शब्दही आपला, आणि "तुम्ही व्हा पुढे, मी मागाहून येतो" यात नंतरचे मागेच असते.

भूतकाळ असा समोर असला की त्यात आपणही उभे असतो. देवारीममध्ये मोशे नव्या पिढीला सांगतो की हा करार बापदादांशी नव्हे, आज इथे जिवंत असलेल्या आपल्याशी केलेला आहे. ऐकणाऱ्यांतले कित्येक सीनायच्या वेळी जन्मलेलेही नव्हते. पहिल्या फळांची टोपली आणणारा शेतकरी आपल्या भटक्या पूर्वजाची हकिगत सांगायला लागतो आणि मधेच 'तो' सुटून 'आम्ही' सुरू होते. व्याकरण चुकले असे शाळेतल्या मुलाला वाटेल. पण आपण नाही का म्हणत, "आपलं गलबत नौगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या"? आपल्यापैकी कोण होते त्या गलबतात? तरीही आपण 'आपलं' म्हणतो. पेसाहच्या रात्री मिसरातून आपणच निघालो असे समजायचे ते याच रीतीने.

जरा सबुरीने

इथे एक सावधगिरी हवी. विसाव्या शतकाच्या मध्याला हिब्रू विचार आणि ग्रीक विचार यांची तुलना करण्याची मोठी लाट आली होती. थोर्लीफ बोमान या नॉर्वेजियन अभ्यासकाचे याच विषयावरचे जर्मन पुस्तक १९५२ साली निघाले. हिब्रू मन गतिमान, ग्रीक मन स्थिर, अशी मांडणी त्यात होती. १९६१ साली जेम्स बार या विद्वानाने त्यावर कडक टीका केली. अर्थ धातूत दडलेला नसतो, वाक्यात असतो, आणि भाषेच्या व्याकरणावरून सगळ्या जमातीचा मेंदू ओळखता येत नाही, हे त्यांचे म्हणणे अभ्यासकांनी बऱ्याच अंशी मान्य केले आहे.

आपल्या मराठीवरून ते पटते. 'पोटभाडेकरू' म्हटले की कोणाला भूक आठवत नाही. 'लेहेम' म्हणजे भाकरी आणि 'मिल्हामा' म्हणजे लढाई यांत अक्षरे सारखी आहेत म्हणून भाकरीसाठीच लढाया होतात असे तत्त्वज्ञान काढणे हा खेळ झाला, वाचन नव्हे. शिवाय वर पाहिलेल्या पुष्कळ छटा जर कोकणातल्या आजीच्या बोलण्यातही सापडतात, तर त्या काही एका जमातीच्या मनाची मक्तेदारी नाहीत. देहाच्या आणि कामाच्या जवळ राहून बोलणाऱ्या माणसांची ती भाषा आहे. पुस्तकी शब्दांनी तिच्यावर धूळ बसते, एवढेच.

आजच्या हिब्रूचीही अशीच धूळ बसते. यहेज्केलच्या पहिल्या अध्यायात झगझगणारे 'हाश्माल' आहे. एकोणिसाव्या शतकात तो शब्द विजेला दिला गेला, आणि आता मूल तो अध्याय वाचताना त्याला विजेचे बिल आठवते. 'नेफेश' आज मानसिक आरोग्याच्या दवाखान्याच्या पाटीवर असतो. हिब्रू ज्याची मातृभाषा त्यालाच इथे अधिक धोका, कारण आपल्याला कळले असे त्याला लगेच वाटते. दुसऱ्या भाषेतून येणारा माणूस निदान थबकतो.

हे काम आपल्याकडे नवे नाही

आपल्या समाजाला हिब्रू परत मिळाली ती पुष्कळशी मराठीच्या हाताने. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. ते मिशनरी होते, त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. आपल्या लोकांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. १८७४ साली पुण्याला हिब्रू-मराठी हागादा निघाली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. आपल्या समाजाबाहेर, केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत बायबल उतरवले. १९२२ साली त्या वारल्या तोवर काम झाले होते, आणि १९२४ साली ते ग्रंथरूपाने आले. या सर्वांना एकच प्रश्न पडला असणार. या हिब्रू शब्दाला आपल्या घरातला कोणता शब्द?

तो प्रश्न आता आपल्या घरांत उलट बाजूने उभा आहे. नातवाला हिब्रू येते, मराठी येत नाही. आजीला मराठी येते, आणि तिच्याबरोबर ती जाणार आहे. मराठी टिकावी म्हणून आपण मेळावे भरवतो, गाणी म्हणतो, मलिदा करतो, ते सगळे छानच. पण मुलांना मराठीची गरज वाटावी असे एखादे काम तिला दिले पाहिजे. तनाखचा गृहपाठ हे तसे काम आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. आठवड्याच्या पाराशातले एक वाक्य घ्यावे. नातवाने ते हिब्रूत वाचावे आणि शब्दश: अर्थ सांगावा, कितीही विचित्र वाटला तरी. आजीने त्याला घरातले मराठी सुचवावे, पुस्तकातले नव्हे. "आतडी कालवली? अरे, आपण नाही का म्हणत..." मग दोघांनी मिळून पाहावे की हा अर्थ त्या वाक्यात खरोखर बसतो का, की आपण ओढूनताणून बसवतो आहोत. बसला नाही तर सोडून द्यावा. शंका असेल तर राशी पाहावा. त्यानेही हजारभर वर्षांपूर्वी अवघड हिब्रू शब्दांना आपल्या गल्लीतले फ्रेंच शब्द लिहून ठेवले आहेत, आणि कोणी त्याला कमी लेखलेले नाही.

येत्या शब्बाथला करून पाहा. सुरुवात शलमोनाच्या त्या 'ऐकणाऱ्या मना'पासून केलीत तर बरे.